पूर्वपक्ष नसलेली कादंबरी: ‘स्टारशिप ट्रूपर्स’ आणि तिचे न जुळणारे वाचक

१९६० साली विज्ञानकथेच्या वाचकांचं जागतिक संमेलन अमेरिकेत पिट्सबर्गला भरलं. वर्षातली सर्वोत्तम कादंबरी कोणती, हे ह्यूगो पुरस्कारासाठी वाचकच मतदान करून ठरवतात. त्या वर्षी त्यांनी रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ला कौल दिला. त्याच यादीत कर्ट व्हॉनेगट यांची ‘द सायरन्स ऑफ टायटन’ही होती. तिच्यातही एक सैन्य आहे. मंगळावर उभारलेलं, डोक्यात अँटेना बसवून हुकमावर चालवलेलं, पृथ्वीवर चाल करून येतं आणि कापलं जातं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच मतपत्रिकेवर, सैनिक म्हणजे काय याची दोन टोकाची उत्तरं वाचकांपुढे होती. व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते, ड्रेस्डेन बेचिराख झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हाइनलाइन नौदल अकादमीतून १९२९ साली बाहेर पडले आणि क्षयामुळे १९३४ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. कोणाचा अनुभव खरा, हे मतदानानं ठरत नाही. पण कौल हाइनलाइन यांना मिळाला आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या कादंबरीवरचं भांडण मिटलेलं नाही.

हे भांडण मी एक प्रकरण म्हणून तपासायला घेतलं, त्याला कारण आहे. बहुतेक वादग्रस्त पुस्तकांच्या बाबतीत आवडणारे एका बाजूला, न आवडणारे दुसऱ्या बाजूला, असं सरळ असतं. इथे तसं नाही. पुस्तक मनापासून आवडणारे आपसात भांडतात, आणि त्याला फॅसिस्ट म्हणणारेही एकमेकांशी सहमत नसतात. असं का होतं, याचं उत्तर वाचकांच्या राजकारणात शोधण्यापेक्षा कादंबरीच्या बांधणीत शोधावं, असं मला वाटतं.

पुस्तकात काय आहे

जुआन रिको, घरचं नाव जॉनी, हा सधन व्यापारी घरातला मुलगा. अठराव्या वर्षी बापाचा विरोध डावलून तो ‘फेडरल सर्व्हिस’मध्ये नाव घालतो. या जगात मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क फक्त ही सेवा पूर्ण केलेल्यांनाच आहे. बाकीचे सुखानं राहतात, धंदा करतात, बोलतात, लिहितात, फक्त मत देत नाहीत. जॉनीच्या वाट्याला मोबाइल इन्फंट्री येते. अंगभर यांत्रिक चिलखत घालून, कुपीत बसून, अवकाशयानातून थेट ग्रहावर उडी मारणारं पायदळ. शत्रू आहेत कोळ्यासारखे दिसणारे ‘बग्ज’, मुंग्यांसारखे वारुळात राहणारे.

लढाई मात्र अपेक्षेपेक्षा कमी आहे. चौदा प्रकरणांपैकी धडाक्याचं म्हणावं असं पहिलं प्रकरण, मधला बग्जच्या क्लेंडाथू ग्रहावरचा पराभव आणि शेवटाकडची एक मोहीम. उरलेल्या जागेत प्रशिक्षण आहे आणि वर्ग आहेत. जॉनीच्या शाळेत द्युबॉइस नावाचे निवृत्त अधिकारी ‘इतिहास आणि नैतिक तत्त्वज्ञान’ शिकवतात. पुढे अधिकाऱ्यांच्या शाळेत तोच विषय मेजर रीड शिकवतात. हिंसेनं काही सुटत नाही असं म्हणणाऱ्या मुलीला द्युबॉइस झाडतात, मार्क्सचा मूल्यसिद्धांत चार वाक्यांत निकालात काढतात, गुन्हेगार मुलांना फटके का द्यावेत हे कुत्र्याच्या पिल्लाच्या उदाहरणानं समजावतात. या सगळ्याला वर्गात कोणी तोडीस तोड उत्तर देत नाही.

पहिल्या प्रकरणातला एक प्रसंग इथे नोंदवतो, कारण दोन्ही बाजूंचे वाचक तोच पुरावा म्हणून पुढे करतात. मानवसदृश ‘स्किनी’ लोकांच्या शहरावर छापा पडलेला असतो. जॉनी एका इमारतीची भिंत फोडून आत शिरतो, तर आत माणसांची गर्दी. तो तिथे एक बोलका बॉम्ब टाकतो. तो बॉम्ब त्या लोकांच्याच भाषेत ओरडत सुटतो की मी तीस सेकंदांचा बॉम्ब आहे, एकोणतीस, अठ्ठावीस... एका वाचकाला यात वस्तीवरचा उघड दहशतीचा हल्ला दिसतो. दुसरा म्हणतो, पुढची ओळ वाचा: जॉनीच्या तुकडीतला फ्लोरेस जखमी होतो, त्याला टाकून यायचं नाही म्हणून जीव धोक्यात घालून उचलून आणतात, आणि तो यानापर्यंत पोहोचता पोहोचता मरतो. दोघेही पानावर जे छापलंय तेच सांगतात. लेखक या दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि त्यांच्यामध्ये एकही शब्द घालत नाही.

लिहिण्यामागचा राग

एप्रिल १९५८ मध्ये हाइनलाइन राहत असलेल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. अणुचाचण्या अमेरिकेनं एकतर्फी थांबवाव्यात, अशी तिची मागणी होती. हाइनलाइन पती-पत्नी भडकले. त्यांनी उलट जाहिरात छापली, पत्रकं वाटली, सह्या गोळा करायचा प्रयत्न केला. हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी चाचण्या थांबवल्या. हातातलं मोठं लेखन (पुढे ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ म्हणून गाजलेलं) बाजूला ठेवून आपण ही कादंबरी लिहिली, असं हाइनलाइन यांनी नंतर स्वतः सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट प्रकाशनाची. १९४७ पासून दरवर्षी एक याप्रमाणे बारा किशोर कादंबऱ्या त्यांनी स्क्रिब्नर्स या प्रकाशन संस्थेला दिल्या होत्या. हीसुद्धा त्याच मालिकेसाठी लिहिलेली. स्क्रिब्नर्सनं ती नाकारली आणि पटनमनं १९५९ च्या अखेरीस छापली. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मासिक अंकांत तिचा कापलेला अवतार आला होता. म्हणजे हे पुस्तक शाळकरी मुलांसाठी लिहिलं गेलं आणि मोठ्यांचं म्हणून विकलं गेलं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. किशोरकथेत मास्तरांचं म्हणणं शेवटी खरं ठरणं हा रिवाजच असतो, त्यावर कोणी हरकत घेत नाही. पण तेच मास्तर मोठ्यांच्या कपाटात, मताधिकार आणि फाशी या विषयांवर बोलायला लागले, की वाचक विचारणारच: आणि समोरचा पक्ष कुठे आहे?

आपल्याकडे शास्त्रार्थाची एक जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही विरोधकाला स्वतःला मांडता आला असता त्याहून नेटका. मग त्याचं खंडन, मग सिद्धांत. ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये सिद्धांत आहे, खंडन आहे, पूर्वपक्ष नाही. आणि जिथे तो मोकळा सोडलेला असतो, तिथे प्रत्येक पिढीचा वाचक आपापल्या काळातला पूर्वपक्ष आणून बसवतो. साठ वर्षांतली मतं मी वाचली, तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसलं.

चार काळ, चार पूर्वपक्ष

पहिले वाचक अणुयुगाचे. त्या काळात थिओडोर कॉग्सवेल लेखकांपुरतं एक पत्रक काढत. त्यात या कादंबरीवर पत्रांमागून पत्रं आली. सहव्यवसायी लेखकांनाच ती पचली नव्हती. समीक्षक अँथनी बाउचर यांची तक्रार तर अशी होती की लेखक गोष्ट घालायलाच विसरला. ही तक्रार मी हलकी मानत नाही. कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत सांगितला तरी उत्तररंगात आख्यान रंगवावंच लागतं, नाहीतर श्रोते उठून जातात. इथे पूर्वरंगच मधूनमधून परत येत राहतो.

दुसरे वाचक व्हिएतनामचे, आणि त्यांनी मत दिलं ते कादंबऱ्या लिहून. हॅरी हॅरिसन स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. त्यांनी १९६५ मध्ये ‘बिल, द गॅलॅक्टिक हीरो’ लिहून साऱ्या कवायतीची खिल्ली उडवली. जो हॉल्डमन यांना सक्तीनं भरती करून व्हिएतनामला पाठवलं गेलं, तिथे ते जखमी झाले. १९७४ च्या त्यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’मध्ये तसंच चिलखत आहे, तसंच परग्रहावरचं युद्ध आहे. पण प्रकाशाच्या वेगाजवळच्या प्रवासामुळे सैनिक घरी परततो तेव्हा शतकं उलटलेली असतात आणि ज्यांच्यासाठी लढलो ते लोकच ओळखू येत नाहीत. या पुस्तकालाही ह्यूगो मिळाला. पुष्कळजण याला हाइनलाइनविरोधी पुस्तक म्हणतात. हॉल्डमन मात्र त्या जुन्या कादंबरीविषयी आदरानंच बोलत आले आहेत. विचार पटत नाही, पण बांधणी पक्की आहे, असं त्यांचं मत. एखाद्या पुस्तकाशी मतभेद कसा असावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी पूर्वपक्ष नुसता बोलून दाखवला नाही, जगवला.

व्हिएतनामच्या चष्म्यातून एक गोष्ट मात्र अनेकांच्या नजरेतून निसटली. १९५९ साली अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती, ती १९७३ पर्यंत चालली. हाइनलाइन या सक्तीचे कट्टर विरोधक. त्यांच्या कादंबरीतलं सैन्य पूर्णपणे स्वेच्छेचं आहे. कोणीही, अगदी उडीच्या आदल्या क्षणापर्यंत, राजीनामा देऊन चालायला लागू शकतो. शिक्षा एकच, मत कायमचं गेलं. जॉनीच्या प्रशिक्षण तळावर २००९ जण दाखल होतात आणि १८७ टिकतात. उरलेल्यांपैकी बरेच आपल्या पायांनी निघून गेलेले असतात.

तिसरे वाचक खरं म्हणजे प्रेक्षक. १९९७ मध्ये पॉल व्हरहोवन यांचा चित्रपट आला. व्हरहोवन यांचं बालपण नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये गेलं. पुस्तक आपल्याला शेवटपर्यंत वाचवलं नाही, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आहे. चित्रपटात चिलखतं नाहीत, गणवेश नाझींची आठवण करून देणारे आहेत, आणि सगळं जग प्रचारपटासारखं चकचकीत. हे व्यंग आहे, हे तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांना कळलंच नाही. आज उलटं झालंय. पुष्कळजण चित्रपट पाहून पुस्तकाविषयी मत देतात. पुस्तकातला जॉनी फिलिपिनो आहे, घरी टागालोग बोलतो, हे हाइनलाइन शेवटाजवळ जाता जाता सांगतात. तोवर गोरा नायक गृहीत धरून आलेल्या १९५९ च्या अमेरिकन वाचकाला तो धक्का मुद्दाम दिलेला. चित्रपटात तो ब्यूनस आयर्सचा गोरा तरुण आहे. हा बदल मला सगळ्यात जास्त खटकतो.

चौथे वाचक सैनिक. अमेरिकन मरीन कोअरच्या वाचनयादीत हे पुस्तक राहिलं आहे. त्यांना त्यात तत्त्वज्ञान कमी आणि सार्जंट जास्त दिसतो. पुस्तक अर्पणही जगातल्या सगळ्या सार्जंटांना केलेलं आहे. सैनिक वाचकांना हेन्ड्रिकचा प्रसंग लक्षात राहतो. चिडून प्रशिक्षण देणाऱ्या सार्जंट झिमवर हात उचललेला हा पोरगा चौकशीत स्वतःच ते कबूल करून बसतो आणि त्याला चाबकाचे दहा फटके पडून हाकललं जातं. नंतर झिम आणि कॅप्टन यांचं खाजगी बोलणं जॉनीच्या कानावर पडतं. त्यात दोघांनाही वाटत असतं की चूक आपली झाली, पोरगं आपण वाचवायला हवं होतं. बाहेरचा वाचक फटके मोजतो, सैन्यात राहिलेला वाचक ते बोलणं ऐकतो.

फॅसिस्ट की नाही

हा शब्द सगळ्यात जास्त वापरला गेला, म्हणून थोडं थांबतो. कादंबरीतल्या राज्यात नेता नाही, पक्ष नाही, वंशश्रेष्ठत्व नाही. सेवेत असलेल्या सैनिकाला मत नाही, सेवा संपल्यावरच मिळतं, म्हणजे गणवेशातलं सैन्य सत्तेत नाही. तेव्हा तो शब्द इथे बसत नाही, असं माझं मत. चाबूक आणि जाहीर शिक्षा आहेत, आणि त्या लेखकाला पटलेल्या आहेत, हे मी नाकारत नाही.

पण बचाव करणाऱ्यांचा आवडता मुद्दाही मला मान्य नाही. १९८० मध्ये हाइनलाइन यांनी लिहिलं की फेडरल सर्व्हिस ही बहुतांशी नागरी नोकरी आहे, वीसातले एकोणीस ‘निवृत्त’ (म्हणजे सेवा पूर्ण केलेले) लोक सैनिक नव्हेतच. पुस्तक उघडून बघा. सिअॅटलमध्ये प्रशिक्षणार्थींची व्यापारी जहाजांवरच्या खलाशांशी मारामारी होते, आणि तिथेच कळतं की या खलाशांची संघटना आपली नोकरी सेवेत धरावी म्हणून वर्षानुवर्षं प्रयत्न करतेय आणि तिला यश आलेलं नाही. नागरी नोकरीला मत मिळत असतं, तर हे भांडण कशाला? हाइनलाइनचे अभ्यासक जेम्स गिफर्ड यांनी १९९६ मध्ये कादंबरीतली वाक्यं एकेक तपासून असाच निष्कर्ष काढला. लेखकानं वीस वर्षांनी दिलेल्या खुलाशाला मूळ मजकूर बांधील नसतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मेजर रीड स्वतः सांगतात. निवृत्तांनाच मत का? विद्यार्थी कारणं देतात: ते जास्त शिस्तीचे, जास्त शहाणे. रीड एकेक खोडून काढतात. शेवटी म्हणतात, ही पद्धत चालू आहे कारण ती चालते. आणि सुरू कशी झाली? युद्धांनंतर अराजक माजलं, स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये काही माजी सैनिकांनी एकत्र येऊन लूटमार थांबवली, काहींना फासावर दिलं, आणि मग आपल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. म्हणजे सगळा डोलारा ‘ती चालते’ या एका वाक्यावर उभा आहे, आणि ती चालते हे आपल्याला फक्त तिथले मास्तर सांगतात.

आपल्याकडून पाहताना

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला परका नाही. सैनिकी सेवेवरून मताधिकार, हे आपल्याकडे प्रत्यक्षात घडलेलं आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर मत हे मालमत्ता, कर अशा अटींवर मिळत होतं, आणि ब्रिटिश फौजेतल्या माजी सैनिकांनाही ते देण्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती अस्पृश्यांना मताधिकार मिळावा म्हणून. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिकांची लांब परंपरा होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली. आधी गोपाळबाबा वलंगकर, मग शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात दार किलकिलं झालं, पुन्हा मिटलं, आणि महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. सेवेला मत जोडायचं, तर सेवेचं दार कोण उघडतं आणि कोण बंद करतं, याला सगळ्यात जास्त महत्त्व येतं.

हाइनलाइन यांना हे कळत होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांच्या कादंबरीत कोणालाही नाकारायला कायद्यानंच बंदी आहे. भरती केंद्रातला डॉक्टर जॉनीला सांगतो की चाकाच्या खुर्चीतला आंधळा माणूस आला, तरी त्याला काहीतरी काम द्यावंच लागेल, मग ते सुरवंटाच्या अंगावरचे केस स्पर्शानं मोजण्याचं का असेना. विचार न्याय्य आहे. पण ज्या समाजानं भरतीचं दार एका हुकमानं लोटलेलं पाहिलंय, त्याला हा कायदा कोण राखणार, असा प्रश्न पडतोच. उत्तर असं की मत असलेलेच राखणार. हा पूर्वपक्ष अमेरिकेतल्या कोणत्याही वादापेक्षा मला जास्त टोकदार वाटतो.

वडील आणि आई

पूर्वपक्ष नाही असं मी म्हणालो, त्याला एक अपवाद आहे: जॉनीचे वडील. दुसऱ्या प्रकरणात ते मुलाला समजावतात. ही सेवा म्हणजे लोकांच्या जिवावर जगणं आहे, आपल्या घराण्यानं राजकारणावाचून उत्तम चालवलंय, तू उद्योग सांभाळ. हे बोलणं ठाम आहे, आणि कादंबरीतला हा एकमेव आवाज असा आहे की ज्याला वर्गात बसवून गप्प करता येत नाही. त्याचं पुढे काय होतं? ब्यूनस आयर्सवर बग्जचा हल्ला होतो. तिथे गेलेली जॉनीची आई त्यात मरते. नंतर वडील भेटतात ते गणवेशात. आपण जे करायला हवं होतं ते तू केलंस, म्हणून मी तुझ्यावर चिडलो होतो, असं ते मुलाला सांगतात, आणि आईच्या जाण्यानं मी हे करायला मोकळा झालो, असंही. शेवटच्या पानांत मुलगा अधिकारी आहे, बाप त्याच्या तुकडीतला सार्जंट, आणि दोघं पुढच्या उडीच्या तयारीत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा या शेवटानं माझे डोळे भरून आले होते. दुसऱ्यांदा वाचताना मी तिथेच अडकलो. वडिलांचं म्हणणं कोणी खोडलेलं नाही. त्यांना हरवलं ते युक्तिवादानं नव्हे, घरातल्या मृत्यूनं. हाइनलाइन यांच्या चाहत्यांना हा शेवट सर्वांत सुंदर वाटतो आणि टीकाकारांना सर्वांत अप्रामाणिक. मला वाटतं, माणूस म्हणून तो खरा आहे आणि वाद म्हणून अपुरा.

आणि आई. तिचं एक पत्र जॉनीला प्रशिक्षण तळावर येतं. त्यात तो अजून तिचा लहान मुलगाच आहे. सेवा तिनं कधी केली नाही, म्हणजे मत तिला नव्हतं, आणि युद्ध मात्र तिच्यावरच आधी पडलं. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात, परक्या राजवटीनं लिहिलेल्या कायद्यात, पेन्शन मिळणाऱ्या सैनिकाच्या विधवेला आणि आईला मताधिकार दिलेला होता. जॉनीच्या जगातल्या कायद्यात आईसाठी तेवढीही ओळ नाही, आणि जॉनी ते कधी विचारत नाही.